अपुऱ्या दिवसांचं बाळ: वाढलेलं बीपी, एनआयसीयू आणि आईच्या वाट्याचं काम

रानजाई

माझ्या लेकीला गेल्या महिन्यात वर्ष झालं. डॉक्टरांच्या हिशेबाने मात्र ती अजून साडेदहा महिन्यांचीच आहे, कारण ती २९व्या आठवड्यात जन्मली. वजन ९८० ग्रॅम. आता ती कपाटाला धरून उभी राहते आणि हाताला येईल ते भांडं खाली ओढते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांचं बाळ आत्ता पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, आहे त्यांना पुढचं वाचताना धीर राहील.

गरोदरपणात काय खावं, काय टाळावं, यावर मराठीत ढीगभर वाचायला मिळतं. पण बीपी वाढलं तर पुढे नेमकं काय होतं, आणि बाळ काचेच्या पेटीत असताना आईने करायचं तरी काय, हे नीट सांगणारं तेव्हा मला कोणी भेटलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. तुमचेही अनुभव खाली या धाग्यावर लिहा.

माझी पहिलीच वेळ. सहाव्या महिन्यापर्यंत सगळं सुरळीत, बीपी ११०/७०च्या आसपास. सातवा लागला आणि बघता बघता बोटातली अंगठी निघेना. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला. पायांवर सूज बहुतेकींना येते, ती मलाही होती. पण चेहऱ्यावर आणि हातांवर अशी एकदम चढलेली सूज वेगळी. मग डोकं दुखायला लागलं, तेही गोळीला न जुमानता. उजव्या बरगडीखाली दुखायचं. घरात सगळ्यांचं मत पडलं की पित्त आहे, कोकम सरबत घे. डोहाळे जेवण तोंडावर आलं होतं, फुलांच्या वाडीचं सांगून झालं होतं. एका संध्याकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "पित्ताने डोळ्यांना असं होत नाही. चल आधी दवाखान्यात." त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

बीपी १६८/११२. लघवीत प्रोटीन तीन प्लस. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, तर पाय ताडकन उडाला. 'प्रीएक्लाम्प्सिया' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९०च्या वर जाऊन टिकतं, सोबत लघवीत प्रोटीन जातं किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेट यांवर परिणाम दिसतो. १६०/११०च्या वर गेलं की तो तीव्र प्रकार. मूळ वारेत, म्हणजे प्लासेंटात, असतं. वारेच्या रक्तवाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांतच नीट रुजत नाहीत आणि त्याचा त्रास आईच्या सगळ्या शरीराला पुढे होतो. म्हणून खरा इलाज एकच, बाळ आणि वार बाहेर येणं. बाकी सगळी औषधं वेळ मिळवण्यासाठी.

तो वेळ कशासाठी मिळवायचा, ते मला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फार छान समजावलं. बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला बीटामेथासोन या स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं देतात, २४ तासांच्या अंतराने. (काही ठिकाणी डेक्सामेथासोनची चार देतात, दर १२ तासांनी.) त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२मध्ये हे दाखवून दिलं, आणि आज जगभर हे स्वस्तातलं इंजेक्शन बाळं वाचवतंय. शिवाय मला झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट. ते जाताना अंगभर गरम लाट येते, घशाला कोरड पडते, जीव घाबरतो. कोणी आधी सांगितलं असेल तर निम्मी भीती जाते, म्हणून सांगते. त्यात दर थोड्या वेळाने गुडघा ठोकून बघतात, श्वास मोजतात, लघवी किती झाली ते लिहितात. औषध अंगात जास्त होत नाही ना, यासाठी ते असतं.

दुसरं इंजेक्शन झालं आणि पुढच्या रक्ततपासणीत प्लेटलेट झपाट्याने खाली, लिव्हरचे आकडे वर. याला हेल्प (HELLP) सिंड्रोम म्हणतात. डॉप्लर सोनोग्राफीतही नाळेतला रक्तपुरवठा बिघडलेला. लगेच सीझर.

बाळाला मी पाहिलं नाही. नवऱ्याने फोटो दाखवला. मॅग्नेशियम बाळंतपणानंतरही २४ तास चालू ठेवतात, कारण झटके नंतरही येऊ शकतात. त्यामुळे मी खालच्या मजल्यावर, ती वरच्या. पण त्याच रात्री एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, सिस्टर खाली आल्या, माझ्या हातात एक मिलिलिटरची सिरिंज दिली आणि म्हणाल्या, "ताई, बाळाचं औषध तुमच्याकडे आहे. ते काढायला शिकवते." अंगठा आणि तर्जनी काळ्या भागाच्या मागे ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग एकत्र आणायचं. घासायचं नाही, ओढायचं नाही. बराच वेळ काहीच नाही. मग टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा, घट्ट थेंब. तो त्यांनी सिरिंजच्या टोकाने टिपून घेतला. मग दुसरा. अशा पाव मिलिलिटर चिकासाठी, म्हणजे पहिल्या घट्ट दुधासाठी, त्या माझ्याजवळ बसून राहिल्या, आणि तो नेऊन त्यांनी लेकीच्या गालांना आतून लावला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आतड्याला सूज येऊन आतडं सडण्याचा, नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिसचा धोका असतो, आणि आईच्या दुधाने तो कमी होतो. पोटात नळी घालून सुरुवातीला एक-एक मिलिलिटर दूध देतात ते त्यासाठीच.

पुढचं थोडक्यात. जन्मल्यावर फुप्फुसात सरफॅक्टंट, म्हणजे फुप्फुसं मिटू न देणारं औषध, दिलं, मग नाकातल्या छोट्या नळ्यांमधून हवेचा दाब देणारं सीपॅप. श्वास मध्येच थांबायचा, त्यासाठी कॅफीन. कावीळ, निळा दिवा, डोळ्यांवर पट्टी. डोक्याची सोनोग्राफी, मेंदूत रक्तस्राव नाही ना बघायला. एकदा जंतुसंसर्गाची शंका, अँटिबायोटिक. दोन पावलं पुढे, एक मागे, असं साधारण दोन महिने चाललं.

आणि कांगारू. ती सीपॅपवर असतानाच पहिल्यांदा माझ्या छातीवर दिली. अंगात फक्त लंगोट आणि टोपी, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून किंचित वर, म्हणजे श्वासनळी दबत नाही. वरून सुती कापडाने बांधून टाकलं. मॉनिटरवर ऑक्सिजन ८९-९० घुटमळत होता, तो हळूहळू ९४वर येऊन थांबला. सिस्टर म्हणाल्या, आता हलू नका, एक तास तरी. त्यानंतर मला कोणी "तू काय करणार, डॉक्टर बघतायत ना" असं म्हटलं की मी सरळ उठून वर जायचे.

कोयना

ताई, मनापासून लिहिलंय. बापाच्या बाजूनं थोडं सांगतो.

आमच्याकडं तालुक्याच्या ठिकाणी बायकोचं बीपी वाढलेलं सापडलं. तिथल्या डॉक्टरांनी एक गोष्ट लाखमोलाची केली. 'इथं सीझर करून मग बाळ पाठवू' असं म्हणाले नाहीत, तर पहिलं इंजेक्शन देऊन बाळ पोटात असतानाच १०८नं जिल्ह्याला पाठवलं. तिथं एसएनसीयू, म्हणजे नवजात बाळांचा विशेष कक्ष आहे. मुलगा ३१ आठवड्यांचा, १३५० ग्रॅमचा.

पैशाचं सांगतो, कारण बरेच जण नुसत्या भीतीनं घर गहाण ठेवायला निघतात. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सीझर, औषधं, तपासण्या, रक्त, येण्याजाण्याची गाडी हे मोफत आहे. २०११पासून आहे. आजारी नवजात बाळाच्या उपचारालाही ते लागू आहे, आणि आता एक वर्षापर्यंत आहे. खासगीत गेलात तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे का आणि बाळाचा आजार त्यात बसतो का, हे पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला विचारा. नोकरीतला गट विमा असेल तर बाळाचं नाव ताबडतोब चढवून घ्या. काही पॉलिसींत पहिले ९० दिवस बाळ धरतच नाहीत.

आणि बापांनो, कांगारू आपल्यालाही जमतं. बायकोचे टाके ओले होते तेव्हा मी शर्टाची बटणं काढून बसायचो. सुरुवातीला हात थरथरायचे.

पांढरा_चाफा

मी सरकारी एसएनसीयूमध्ये स्टाफ नर्स आहे. रानजाईताई, त्या सिस्टरचं वाचून बरं वाटलं.

पालकांना रोज सांगावं लागतं ते इथे सांगते. हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून. मोबाइल आत आणायचा नाही, त्यावर जेवढे जंतू असतात तेवढे चपलेवरही नसतील असं वाटतं मला. अंगारा, ताईत, काळा दोरा पेटीत ठेवू नका. आम्ही श्रद्धेला नाही म्हणत नाही, देवाजवळ घरी ठेवा. पाचवीच्या रात्री एक आजी पाटीपुस्तक आणि लेखणी घेऊन आल्या होत्या, सटवाई नशीब लिहायला येते म्हणून. दाराबाहेरच्या बाकावर आम्ही त्यांना पूजा मांडू दिली.

वजनाचं टेन्शन घेऊ नका. पहिल्या आठवड्यात ही बाळं जन्माच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत उतरतात. दोन आठवड्यांच्या आसपास पुन्हा तिथवर येतात. मग रोज चढायला लागतात. शेजारच्या पेटीतल्या बाळाशी तुलना करू नका, त्याचे आठवडे वेगळे, आजार वेगळा.

यंत्र वाजलं की आई रडायला लागते. आधी आमच्याकडे बघा. पुष्कळदा तळव्याची पट्टी सैल झालेली असते. खरंच श्वास थांबला असेल तर आम्ही तळव्याला टिचकी मारतो, पाठ चोळतो, बाळ परत श्वास घेतं.

अबोली

नमस्कार. मला ३२वा आठवडा चालू आहे, गेल्याच आठवड्यात माहेरी आलेय. कालपासून डोकं दुखतंय, चेहरा सुजलाय. आई म्हणते प्रवासाचा शीण आहे. माझी तपासणी पुढच्या सोमवारी आहे. तोपर्यंत मीठ बंद करून बघू का?

रानजाई

अबोली, सोमवार नाही, आत्ता. जवळ जो दवाखाना उघडा असेल तिथे जाऊन बीपी मोज आणि लघवी तपास. मीठ बंद करून हे उतरत नाही.

सह्यकडा

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. अबोली, रानजाई म्हणतात ते अगदी बरोबर. डोकेदुखी, नजर अंधुक होणं किंवा काजवे दिसणं, वरच्या पोटात उजवीकडे किंवा मधोमध दुखणं, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही असेल तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही. तुमची तपासणीची फाइल सोबत घ्या. आराम आणि मीठ कमी करणं हा यावरचा उपचार नाही.

कोयना यांनी सांगितलेली गोष्ट मी विद्यार्थ्यांना शिकवतो. बाळ हलवायचंच असेल तर पोटात असताना हलवावं. आईइतकी चांगली रुग्णवाहिका बाळासाठी नाही. अर्थात आईचं बीपी आटोक्यात आणून आणि मॅग्नेशियम सुरू करून.

जुनी_वही

मी सत्तरीची आहे. माझा थोरला १९८०च्या दशकात सातव्यात झाला. पेटी कसली, आम्हाला तर नर्सबाईंनी कापसात गुंडाळून दिला, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या. आईने बोंडल्याने, त्या छोट्या चोचीच्या भांड्याने, दूध पाजलं. तो आज तुमच्या आशीर्वादाने धडधाकट आहे. पण आमच्याकडे म्हणायचे, सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही. सुनेला आता आठवा चालू आहे आणि डॉक्टर लवकर सीझर करू म्हणतायत. मला रात्रीची झोप नाही. एखादा महिना आधी झालं असतं तर बरं, असं मनात येतं.

सह्यकडा

आजी, ती समजूत मनातून काढून टाका. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या कामी येतो. आठव्यातल्या बाळाची फुप्फुसं, आतडी, चोखण्याची ताकद सातव्यातल्या बाळापेक्षा पुष्कळ तयार असते. ३४ आठवड्यांच्या आसपास चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसायला लागतो. सुनेला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली का आणि बाळासाठी सोय तिथेच आहे का, एवढं विचारा.

पांढरा_चाफा

आजी, बोंडल्याचं ऐकून छान वाटलं. आमच्याकडे नळीवरून तोंडाने दूध सुरू करताना अजूनही वाटी-चमचा नाहीतर बोंडल्यासारखी पालाडाई वापरतो. बाटली नाही.

अबोली

काल रात्रीच गेले. बीपी १५०/१००, लघवीत प्रोटीन आहे. ॲडमिट केलंय. गोळ्या सुरू केल्यात, पहिलं इंजेक्शन झालं, दुसरं आज रात्री. बाळ ठीक आहे म्हणाले, रोज तपासणार आहेत. आई सारखी रडतेय. तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. एनआयसीयूबद्दलचं सगळं आता नीट वाचतेय.

मृद्गंध

धागा वाचताना थांबत थांबत वाचला. आमची मुलगी २५ आठवड्यांची होती. थोडे दिवस राहिली. डॉक्टरांनी, सिस्टरांनी काही कमी केलं नाही.

ज्यांच्या घरी असं होतं त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पान्हा त्यानंतरही येतो, हे आईला कोणी तरी आधी सांगा. मला सांगितलं नव्हतं आणि तो दिवस सगळ्यांत कठीण गेला. दुसरं, "बरं झालं लहानपणीच गेली" असं म्हणू नका. तिचं नाव विचारा. आम्ही ठेवलं होतं.

मी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. मृत बाळ जन्मलं किंवा जन्मानंतर लगेच गेलं तर ६० दिवसांची विशेष रजा २०२२च्या आदेशाने मिळते, त्याच्या अटी आहेत त्या कार्यालयात विचाराव्यात. खासगी नोकरीत मातृत्व लाभाच्या नियमांत, वेळेआधी बाळंतपण झालं आणि त्यातून आजारपण आलं तर पुराव्यासह एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा आहे. मनुष्यबळ विभाग आपणहून सांगत नाही.

रानजाई

मृद्गंध, काय लिहू. तुम्ही इथे लिहिलंत, याबद्दल तुमचा हात हातात घ्यावासा वाटतो. मुलीचं नाव सांगावंसं वाटलं तर मला निरोपात सांगा. आणि रजेची माहिती मी वर जोडणार आहे, तुमच्या नावानेच.

गोदाकाठ

एक राहिलेला मुद्दा, फार महत्त्वाचा. डोळे! आमची जुळी, ३० आठवड्यांची. डिस्चार्जच्या गडबडीत फाइलमध्ये 'आरओपी तपासणी' (आरओपी म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्यांच्या पडद्याचा आजार) असं लिहिलेलं होतं, आम्हाला वाटलं नेहमीची तपासणी असेल. बालरोगतज्ज्ञांनी फोन करून बोलावून घेतलं. एका मुलाच्या पडद्यावर रक्तवाहिन्या चुकीच्या वाढत होत्या. दोन दिवसांत लेसर झालं. आज त्याला चष्मा आहे, पण दिसतं.

३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मापासून चार आठवड्यांच्या आसपास, जास्तीत जास्त ३० दिवसांत पहिली डोळे तपासणी झालीच पाहिजे. फारच लवकर जन्मलेल्या बाळांची त्याहूनही आधी. बाळ वरून अगदी छान दिसतं, टकामका बघतं, आणि आत पडदा सुटत असतो. गेलेली नजर परत येत नाही. ही तारीख पाळायला बारसं पुढे ढकलावं लागलं तरी ढकला. आणि एकदा तपासून भागत नाही, डॉक्टर 'आता पुरे' म्हणेपर्यंत जायचं. कान पण तपासून घ्या.

सोनचिरैया

माझा अनुभव वेगळा आहे, राग मानू नका. आमच्या बाळाला खासगी रुग्णालयात पेटीत ठेवलं आणि बिल वाढत राहिलं. रोज विचारलं की 'अजून ऑब्झर्वेशन' एवढंच उत्तर. मला तर वाटतं निम्मी बाळं उगाच आत ठेवतात.

कोयना

काही ठिकाणी तसं होतही असेल, तुमचा राग समजतो. पण बाळाला खरंच गरज आहे का हे आपल्याला दारातून कळत नाही. त्यापेक्षा रोज एकच प्रश्न विचारा: 'आज बाळाला घरी न्यायला नेमकं काय आडवं येतंय?' ऑक्सिजन, दूध, वजन, श्वास थांबणं, संसर्ग, यातलं एक नाव त्यांनी घ्यायलाच पाहिजे. मी वहीत रोज लिहून घ्यायचो. चार दिवस तेच उत्तर आलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. आणि शंका असली तर रिपोर्टच्या झेरॉक्स घेऊन दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांचं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे.

पांढरा_चाफा

घरी सोडताना आम्ही बघतो ते असं: पेटीबाहेर अंग गरम राहतं का, तोंडाने पुरेसं दूध घेतं का, काही दिवस सलग वजन वाढतंय का, श्वास थांबलेला नाही ना, आणि आईला सगळं एकटीने जमतं का. शेवटचं फार महत्त्वाचं. म्हणून आम्ही आईला आधी काही दिवस सोबत राहायला लावतो.

घरी गेल्यावर शेक-शेगडी, धुरी बाळाच्या खोलीत नको. वेखंडाची असो नाहीतर ओव्याची, धूर तो धूर, आणि या फुप्फुसांना तो सोसत नाही. बाळगुटी नको, मध नको. आशाताई घरी येतात त्यांना येऊ द्या, त्यांना वजन आणि ताप बघायला शिकवलेलं असतं. आमच्याच राज्यात गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळं वाचवून दाखवली, १९९९मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि देशभरच्या आशांचं हे काम त्याच वाटेने आलंय. तेव्हा 'आशाला काय कळतं' असं म्हणू नका.

थेम्सकाठी

लंडनहून लिहितेय. इथे २८ आठवड्यांचा मुलगा झाला. आई-बाबा व्हिसामुळे वेळेत पोचू शकले नाहीत. इथल्या सिस्टर कांगारूला 'स्किन टू स्किन' म्हणायच्या. हे सुरू झालं ते कोलंबियात, बोगोटामध्ये, १९७८-७९च्या सुमारास, पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. आणि बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मापासूनच सुरू केलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, हे २०२१मध्ये ज्या अभ्यासाने दाखवलं तो भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांतल्या रुग्णालयांत झाला. दिल्लीचं सफदरजंग त्यात होतं. ते मला माझ्या इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, फार अभिमान वाटला.

सुधारित वयाबद्दल, म्हणजे बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या वयाबद्दल: बसणं, रांगणं, बोलणं हे दोन वर्षांपर्यंत सुधारित वयानेच मोजा. लशी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. नातेवाईक व्हिडिओ कॉलवर 'अजून बसत नाही?' विचारतात, त्यांना आठवडे मोजून सांगा.

रानजाई

एक प्रश्न सह्यकडा यांना. दुसऱ्या वेळी हे टाळता येतं का? आमचा विचार एवढ्यात नाही, पण निरोपात तीन-चार जणींनी हेच विचारलंय.

सह्यकडा

पहिल्या वेळी जितकं लवकर झालं असेल तितकी पुन्हा होण्याची शक्यता जास्त. पूर्ण टाळता येईल असं वचन देता येत नाही, पण धोका कमी करता येतो. दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना जुनी फाइल दाखवा. १२ आठवड्यांच्या आसपास, १६च्या आत, रोज कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करतात. २०१७च्या ॲस्प्री अभ्यासात जास्त धोका असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६व्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिली, तर वेळेआधी होणारा प्रीएक्लाम्प्सिया ६२ टक्क्यांनी घटला. पण ही गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. आहारात कॅल्शियम कमी असेल तर तेही भरून काढतात. ज्यांना आधीपासून बीपी, मधुमेह, किडनीचा आजार किंवा ल्युपस आहे, किंवा ज्यांना जुळी आहेत, त्यांनी पहिल्या वेळीही हे विचारावं. नेहमीच्या बीपीच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्या आधीच बदलून घ्याव्या लागतात.

आणखी एक. बाळ घरी आलं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं, आईचं बीपी कोणी बघत नाही. बाळंतपणानंतर सहा आठवडे ते नियमित मोजा, आणि पुढे दर वर्षी एकदा. ज्यांना हे होऊन गेलंय त्यांना पुढच्या आयुष्यात बीपी आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

पिंपळपान

इथे पहिल्यांदाच लिहितेय. परवा ३० आठवड्यांची मुलगी झाली, ११५० ग्रॅम. पेटीत आहे, सीपॅप लावलंय. मला दूधच येत नाहीये. दिवसभरात दहा-बारा थेंब. सासरचे म्हणतायत पावडरचं दूध सुरू करा, लेकरू उपाशी मरेल. मला काही सुचत नाहीये.

रानजाई

पिंपळपान, अगं परवाच झालीये ना? दहा-बारा थेंब म्हणजे दूध येतंय. लेकीला आत्ता एका वेळेला एक-दोन मिलिलिटरच लागतं, आणि शिरेतून तिला साखर-पाणी, पोषण चालू असतं, ती उपाशी नाही. सीझर आणि आजारपणानंतर पान्हा उशिरा उतरतो, तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या दिवशीही. दर दोन-तीन तासांनी काढायचं, निघो न निघो. रात्रीचं दोन वाजताचं अजिबात चुकवायचं नाही, रात्री जास्त उतरतं. शक्यतो पेटीजवळ बसून काढ किंवा कांगारू झाल्या झाल्या लगेच, तेव्हा फरक पडतो. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल खा, पण काढणं थांबवून नुसत्या खिरीवर राहू नकोस.

आणि तोवर कमी पडलंच तर डॉक्टरांना मातृदुग्धपेढीचं विचार. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातली पहिली पेढी सुरू केली, आता राज्यात आणखीही ठिकाणी आहेत. तपासून, निर्जंतुक करून दुसऱ्या आईचं दूध देतात. पावडर लागलीच तर तेही डॉक्टर ठरवतील, सासरचे नाहीत.

पांढरा_चाफा

पिंपळपान, तुमच्या कक्षातल्या सिस्टरला सांगा, 'मला हाताने काढायला शिकवा, आणि कांगारू कधी देणार?' संकोच करू नका. पंप नसला तरी चालतं, सुरुवातीचा चीक हातानेच चांगला निघतो. उकळून घेतलेली स्टीलची वाटी, स्वच्छ हात, वाटीवर तारीख-वेळ लिहिलेली पट्टी. काढलेलं दूध फ्रिजमध्ये २४ तास चालतं. थेंबसुद्धा टाकू नका, आमच्याकडे आणून द्या.

पिंपळपान

थँक्यू ताई. आता चार वाजताचं काढते. सिस्टरना विचारलं, संध्याकाळी कांगारू देऊन बघू म्हणाल्या. पुढून उघडणारा गाउन नाहीये माझ्याकडे, नवऱ्याचा सदरा चालेल ना?

कोयना

चालेल काय, पळेल. बटणांचा, सुती, धुतलेला. टोपी आणि मोजे बाळासाठी न्या.